सुई कुणासाठी

खेड्यात इंजेक्शनला कुणी इंजेक्शन म्हणत नाही, सुई म्हणतात. आणि सुई म्हणजे इलाज, अशी आमच्या माणसांची जुनी समजूत. अंग मोडून ताप आला की केडगावला दवाखान्यात जायचं, आणि डॉक्टरनं नुसत्या गोळ्या लिहून दिल्या तर घरी येऊन म्हणायचं, "त्याला काय कळतंय, सुईसुद्धा मारली नाही." अशा आमच्या खुटबावात एका सहा वर्षांच्या पोरीला ताप नाही, खोकला नाही, तरी रोज रात्री घरातच सुई टोचतात हे कळल्यावर मात्र लोकांचे डोळे मोठे झाले. बायकांनी विचारलं, "रोज? आणि आईच टोचती?" बाप्यांनी विचारलं, "म्हशीला पान्हा सोडायला देत्यात, तसलंच का हे?"

ती पोरगी माझी नात. म्हशीचा प्रश्न ऐकून मला राग आला होता. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही, आणि आज लिहायला बसलोय तो त्याच्याचमुळे.

पोरीचं वाढणं थांबलंय हे पहिल्यांदा तिच्या आजीच्या लक्षात आलं, तेही कपड्यांवरून. एका दिवाळीला शिवलेला परकर पुढच्या दिवाळीला तसाच आला, त्याच्या पुढच्याही दिवाळीला तसाच. आजी म्हणाली, "हिचे कपडे फाटतात, पण आखूड होत नाहीत." अंगणवाडीच्या वहीत उंची मांडलेली होती. तिचे आकडे उतरून घेतले आणि पोरगा-सून तिला घेऊन गाडीनं पुण्याला गेले. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं की चार वर्षांच्या पुढे वयात येईपर्यंत निरोगी मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. आमची तीनच वाढत होती. डाव्या हाताच्या पंजाचा एक्स-रे काढला, कारण त्यावरून हाडांचं वय कळतं. पोरगी साडेपाच वर्षांची आणि हाडं साडेतीन वर्षांची निघाली. मग एक दिवस उपाशीपोटी नेऊन, औषध देऊन, ठरावीक वेळानं पुन्हा पुन्हा रक्त काढलं. मेंदूचा फोटो झाला. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिला पीयूषिका म्हणतात. ती वाढीचा रस सोडते, आणि हिची ग्रंथी तो पुरेसा सोडत नव्हती.

हा रस म्हणजे प्रथिन आहे, तोंडानं घेतला तर दुधासारखा पचून जातो. म्हणून सुई. निरोगी शरीर तो रात्री झोपेत जास्त सोडतं, म्हणून रात्री. औषध पेनासारख्या साधनात असतं आणि सुई गव्हाच्या दाण्याएवढीही लांब नसते. नर्सबाईंनी सुनेला आधी मोसंब्यावर टोचायला शिकवलं. औषध फ्रिजात 2 ते 8 अंशांत ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही. लाईट गेली की बर्फाची पिशवी आणि थर्मास. आज डावी मांडी, उद्या उजवी, कधी पोट, कारण एकाच जागी टोचत राहिलं तर तिथं खड्डा नाहीतर गाठ पडते. एखादी रात्र चुकली म्हणून दुसऱ्या रात्री दुप्पट द्यायचं नाही. या सगळ्याची घरात सवय होते. शेतीची लाईट रात्रपाळीची, म्हणून मुलगा पुष्कळदा उसाला दारं धरायला गेलेला असतो. त्यामुळं टोचायचं काम सुनेचं आणि पाय धरायचं माझं.

सवय झाली नाही ती "आबा, नको" ऐकायची. पहिला महिनाभर पोरगी रोज म्हणायची. वासराला लस टोचताना मान कशी दाबून धरायची हे माझ्या हातांना ठाऊक आहे. तेच हात नातीच्या गुडघ्यावर ठेवायचे. वासरू मोठं झाल्यावर विचारायला येत नाही. ही येईल.

मी हिशोब केला. सहाव्या वर्षी सुरू झालं, चौदापर्यंत चाललं तर आठ वर्षं, म्हणजे दोन हजार नऊशेच्या वर सुया. लेकरांना न विचारता आपण पुष्कळ गोष्टी करतो. कान टोचतो, जावळ काढतो, गोवराची लस देतो. पण ते एकदा-दोनदा रडून संपतं. साखरेच्या आजाराच्या पोराला रोज इन्सुलिन टोचावं लागतं, तिथं तर विचारायचा प्रश्नच येत नाही, कारण टोचलं नाही तर पोर जाईल. इथं तसं नाही. जन्मतःच हा रस फार कमी असेल तर तान्ह्या बाळाची साखर उतरून जिवाला धोका होतो, ती गोष्ट निराळी. आमची पोरगी खात होती, खेळत होती, पाढे म्हणत होती. तिचं काही दुखत नव्हतं. दुखायला लागलं ते आम्ही टोचायला लागल्यावर. मग तिचं "नको" ऐकून न ऐकल्यासारखं करायचा हक्क आम्हाला कुठून आला?

एका रात्री मी हे सुनेला विचारलं. ती पेन पुसत होती. म्हणाली, "मामा, शाळेच्या नळाला तिचा हात पुरत नाही. वर्गातल्या पोरी तिला बाहुलीसारखं उचलून घेऊन फिरतात. तिला ते आवडत नाही, पण ती सांगत नाही. तुम्हाला तिचं 'नको' ऐकू येतं, कारण ते ती तोंडानं म्हणते." माझ्याकडे यावर बोलायला काही नव्हतं.

आता त्या म्हशीच्या प्रश्नाकडे येतो. धार काढायच्या आधी म्हशीला ऑक्सिटोसिनची सुई मारणारे लोक होते आणि चोरून मारणारे अजून आहेत. 1960 च्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्यात, दूध वाढवायला जनावराला अपाय होईल असं काही टोचणं हा गुन्हा आहे. त्या सुईत म्हशीचं काही नसतं, सगळं आपल्या बादलीचं असतं. उसावर आम्ही जी.ए. फवारतो, पेरं लांब व्हावीत म्हणून. तेही वाढीचंच औषध. त्याचा शोध लागला तो भाताच्या एका रोगातून. जपानात काही रोपं भसाभसा उंच होऊन कोलमडायची, शेतकरी त्यांना वेडी रोपं म्हणायचे. 1926 साली कुरोसावा नावाच्या शास्त्रज्ञानं दाखवलं की एक बुरशी जो रस सोडते त्यानं हे होतं. उसाची उंची वाढली तर ते टनेज माझं, उसाचं नाही. ऊस तर लोळतो.

म्हणून विचारणाऱ्याला मी सांगितलं, औषध वेगळं आहे, पण तुझा प्रश्न मला रोज स्वतःला विचारावा लागतो. ही सुई पोरीसाठी आहे की आमच्या बादलीसाठी? कारण पोरीच्या उंचीत आमचीही बादली असते. लग्नाच्या बायोडाट्यात उंचीचा रकाना असतोच. ही सहा वर्षांची असताना घरात एक पाहुणा म्हणालाही, "बरं केलंत, पुढं स्थळं बघताना अडचण नको." आणि दुसरा नेमका उलटं म्हणाला, "पोरीच्या जातीला एवढा खर्च कशाला, पोरगी ठेंगणी असली तरी खपून जाती." दोघांनाही चहा दिला. पण दोघांच्याही बोलण्यात पोरगी नव्हती.

खर्चाचं म्हणाल तर तो आहेच, आणि वजन वाढेल तसा डोस वाढतो, डोसाबरोबर खर्च. दुर्मिळ आजारांच्या 2021 च्या राष्ट्रीय धोरणात या उपचाराचं नाव आहे. पण धोरणात नाव असणं आणि महिन्याच्या महिन्याला पेन हातात पडणं यात अंतर आहे. आम्ही उसाच्या बिलातून आणि दुधाच्या पगारातून भागवतो. तिचा थोरला भाऊ दहावीला आहे, त्याचा क्लास गेल्या वर्षी बंद केला. तो काही बोलला नाही. एका लेकराचं उणं भरायला दुसऱ्याच्या ताटातलं काढायचं किती, याचं माप मला अजून सापडलेलं नाही.

मग गावात बातमी पसरली आणि वाडीवरचा एक जण पोराला घेऊन आला. पोरगा एकोणीस वर्षांचा, पहाटे कॅनॉलच्या कडेनं धावणारा. आपल्याकडे पोलीस भरतीला पुरुषाला 165 सेंटिमीटर उंची लागते, राखीव दलाला 168. दौंडला राखीव दलाची ठाणी असल्यामुळं आमच्या भागातल्या पोरांच्या डोळ्यांपुढं ती वर्दी लहानपणापासून असते. हा पोरगा दोन सेंटिमीटरनं कमी पडत होता. बाप म्हणाला, "दादा, तेवढी चार-सहा सुया आम्हाला द्या, पैशे देतो." मी त्याला बसवून सांगितलं. हाडांच्या टोकाशी वाढीची जागा असते, ती वयात आल्यावर बुजते. बुजल्यावर सुया मारल्या तर उंची वाढत नाही, हातपाय आणि जबडा तेवढा रुंद होतो. पोरानं मान खाली घातली. त्याची निकड माझ्या नातीपेक्षा कमी होती असं मला म्हणवत नाही. दोन सेंटिमीटरसाठी त्याची नोकरी जात होती. पण तिथं उणं त्याच्या अंगात नव्हतं, भरतीच्या मोजपट्टीत होतं, आणि मोजपट्टीला सुई टोचता येत नाही.

ही रेघ कुठं मारायची, हाच सगळा घोळ आहे. पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातल्या वामन आणि अनुराधा खाडिलकर या डॉक्टरांनी आपल्या देशातल्या मुलांच्या वाढीवर कित्येक वर्षं काम केलंय. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेचे 2015 चे उंची-वजनाचे तक्ते त्यांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या कामातून आले. त्या तक्त्यात सगळ्यांत खालची एक रेघ असते, तिच्याखाली शंभरात तीन मुलं येतात. मी डॉक्टरांना विचारलं, म्हणजे ती तिघं आजारी? ते हसून म्हणाले, नाही, रेघच तशी आखलीय, तिघं खाली येणारच. त्यातलं बहुतेक ठेंगण्या आईबापांचं निरोगी लेकरू असतं. म्हणून नुसती उंची बघत नाहीत, वाढीचा वेग बघतात, रक्त बघतात, आईबापाची उंची मांडतात. आमच्या घरचा हिशोब असा: बाप 165, आई 152, बेरीज करून मुलीसाठी 13 वजा करायचे आणि निम्मे करायचे. 152 आले, म्हणजे साधारण पाच फूट. तेवढंच तिचं आहे, तेवढं तिला मिळावं. त्याच्यावर एक बोट मागितलं की आम्ही बादली घेऊन बसलो.

पण रेघा सरकतात. अमेरिकेत 2003 साली, अंगात हा रस पुरेसा असून केवळ फार ठेंगण्या असलेल्या मुलांनाही ही सुई द्यायला मंजुरी मिळाली. कित्येक वर्षं टोचून एक ते तीन इंच मिळतात. एक ते तीन इंचांसाठी एका धडधाकट लेकराला रोज सांगायचं की तुझ्यात काहीतरी कमी आहे. सुईपेक्षा ते जास्त खोल जात असेल असं मला वाटतं. आमच्या पोरांना मेस्सी माहीत आहे. रोसारियोचा तो पोरगाही लहानपणी स्वतःच्या पायात रोज रात्री ही सुई टोचायचा आणि पुढं बार्सिलोनाच्या क्लबनं त्याचा खर्च उचलला. लोक त्याचं उदाहरण देतात, जणू सुईनंच त्याला खेळ दिला. तो आजही 170 सेंटिमीटरच आहे.

आणखी एक गोष्ट मी घरात वाचून दाखवली, सुनेला आवडली नाही तरी. हे औषध आज जंतूंच्या पोटात तयार करतात. 1985 च्या आधी ते मेलेल्या माणसांच्या ग्रंथीतून काढायचे. त्यातून काही मुलांच्या अंगात मेंदूचा एक भयंकर रोग गेला आणि पुष्कळ वर्षांनी उठला. एकट्या फ्रान्समध्ये शंभरावर जण त्यात गेले. त्यांचे आईबापही असंच टोचत असतील, आमच्यासारख्याच चांगल्या मनानं. आजचं औषध त्यातलं नाही, हे मला समजतं. तरी दर तीन महिन्यांची तपासणी आम्ही कापणी टाकून करतो.

गावातल्या एका मावशीनं सुचवलं होतं, पोर झोपल्यावर टोचा, कळणारसुद्धा नाही. सुनेनं सरळ नकार दिला. "झोपेत टोचलं तर तिला झोपेचीच भीती बसेल. टोचायचं ते तिच्या डोळ्यांसमोर." या बाईचं शिक्षण बारावी. पण एवढं शहाणपण मी फार थोड्या माणसांत पाहिलं. तिनंच पोरीच्या हातात कालनिर्णय दिलं. आज कुठला पाय ते पोरगी ठरवते आणि तारखेखाली 'डा' किंवा 'उ' लिहिते. सुई चुकत नाही, पण पाय तिचा. आता तिला आठवं चालू आहे. पहिल्या वर्षी नऊ सेंटिमीटर वाढली, नळाला हात पुरतो. माझे हात गुडघ्यावर लागत नाहीत.

एका गोष्टीवर मात्र घरात एकमत नाही. मुलगा आणि सून म्हणतात, हाडं बुजत येईपर्यंत शेवटपर्यंत द्यायचं, अर्धवट सोडायचं नाही. मी म्हणतो, बारा वर्षांची झाली की तिला विचारा, आणि ती बास म्हणाली तर तिचं "नको" त्या दिवशी खरं धरा. मुलगा म्हणतो, बारा वर्षांच्या पोरीला काय कळतं. परवा नातीनं आजीला दाराच्या चौकटीला उभं केलं, डोक्यावर पट्टी धरून पेन्सिलीनं रेघ मारली. आजी चार फूट दहा. पोरगी म्हणाली, "इथपर्यंत आले की बंद ना?" सुनेनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, पुढच्या खेपेला डॉक्टरांना तूच विचार. ती खेप श्रावणात आहे.