हक्काचा भाव

गोंदिया हा धानाचा जिल्हा. कापूस आमच्याकडे येतो तो यवतमाळ-अकोल्याच्या काळ्या मातीतून. तरी कापसाशी आमच्या समाजाचे नाते जुने आहे. पिंजारी बांधव पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजत आले, गाद्या-रजया भरत आले. त्या रजईच्या उबेत झोपताना, कापूस पिकवणाऱ्याच्या पदरात काय पडले, हे आम्ही कधी विचारले?

‘फेअर ट्रेड’ म्हणजे रास्त व्यापार हाच प्रश्न विचारतो. त्यात पिकाला किमान भाव ठरलेला असतो. बाजार पडला तरी तो मिळतो; बाजार चढला तर चढा भाव मिळतो. शिवाय अधिमूल्य म्हणून वेगळी रक्कम शेतकऱ्यांच्या संघाकडे जमा होते. ती शाळेवर खर्चायची, गोदामावर की बियाण्यावर, हे सभासदच ठरवतात. 2004 मध्ये सुरू झालेल्या ‘चेतना ऑरगॅनिक’ने महाराष्ट्र, तेलंगणा, ओडिशातल्या लहान कापूस-शेतकऱ्यांना अशा व्यापाराशी जोडले.

आम्हाला वाटते, यातली मोठी गोष्ट चार पैसे जास्त मिळणे ही नाही. ठरवण्याचा हक्क मिळणे ही आहे. आमच्या जिल्ह्यातही याच्या जवळचे उदाहरण आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभांचा हक्क मान्य केला आणि 2013 पासून गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभा तेंदूपाने स्वतः विकू लागल्या. पान तेच, जंगल तेच; पण सौद्याला बसणारा माणूस बदलला.

कोणी म्हणेल, असे कापड महाग. आम्हा गरिबांना इन्साफ परवडतो कुठे? आक्षेप खोटा नाही. रास्त व्यापाराच्या कापसालाही पुरेसे गिऱ्हाईक मिळत नाही, मग तो साध्या भावाने जातो. ज्याची ऐपतच नाही, त्याला दोष देता येणार नाही. पण ज्यांची ऐपत आहे, तेही ईदच्या खरेदीत पैशापैशासाठी घासाघीस करतात आणि नंतर कर्जबाजारी शेतकऱ्याच्या मुलांसाठी वर्गणी काढतात. आधी हक्क बुडवायचा, मग त्यातलाच तुकडा सदका म्हणून द्यायचा, याला दानत म्हणावे का?

माप मारणाऱ्यांना कुराणातली सूरह मुतफ्फिफीन कठोर इशारा देते. माप केवळ तराजूत मारले जात नाही, भावातही मारले जाते. सदका देणाऱ्याचा हात वर असतो, घेणाऱ्याचा खाली. रास्त सौद्यात दोन्ही हात एका पातळीवर येतात. कापूस पिकवणाऱ्याला आमची दया नको आहे, त्याचे पुरे माप हवे आहे.