दीर्घ रुग्णरजा : हक्क की उपकार?

क्षयाने अथवा पक्षाघाताने कारखान्यातील कामगार अंथरुणास खिळला, की पहिल्या महिन्यात लोक समाचारास येतात. सहाव्या महिन्यात ‘अजून रजेवरच का?’ असे विचारू लागतात. या प्रश्नात कुतूहल थोडे आणि आरोप फार. जो काम करीत नाही तो फुकटचे खातो, हा त्या आरोपाचा आधार होय. आणि पुष्कळदा रोगापेक्षा तोच रुग्णास अधिक जाळतो.

प्रथम व्यवहार पाहावा. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने आजारी कामगारास रोख लाभ मिळू लागला. या योजनेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के, आणि क्षय, कुष्ठ, कर्करोग अशा ठरावीक दीर्घ रोगांत पात्र कामगारास ८० टक्के प्रमाणाने कमाल दोन वर्षांपर्यंत रक्कम देण्याची सोय झाली. आजारपणाचा लाभ चालू असता कामगारास कामावरून काढण्यास मालकास मनाई केली गेली. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या कायद्याचा समावेश करण्यात आला. हे द्रव्य मुख्यतः वर्गणीचे आहे. जुलै २०१९ पासून कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का व मालकाकडून सव्वातीन टक्के असे तिचे प्रमाण ठरले.

येथे शंका येते की, रुग्णाने भरले थोडे व घेतले फार. मग हा उपकारच नव्हे काय? नव्हे. वर्गणी भरताना कोण पडेल हे कोणासच ठाऊक नव्हते. जो निरोगी राहिला त्याचे द्रव्य बुडाले नाही. त्या मोलाने त्याने निर्भयता घेतली. खोटे दाखले आणणारेही असतात, हे खरे. त्यांच्यासाठी वैद्यकीय तपासणी असावीच. परंतु एका लबाडाच्या निमित्ताने दहा रुग्णांस लबाड ठरविणे हा न्याय नव्हे.

तथापि कर्माचे मूल्य यामुळे उणे होत नाही. कामाने वेतनाखेरीज सोबती मिळतात, दिवसाला घडी बसते, घरात शब्दाला वजन येते. अंथरुणावरून पाळीचा भोंगा ऐकणाऱ्यास हे कोणत्या टक्केवारीने भरून द्यावे? या लाजेपोटीच काही जण औषध अर्धवट टाकून कामावर परततात. क्षयाचा नेहमीचा उपचार सुमारे सहा महिन्यांचा. तो मध्येच सोडला तर जंतू औषधास दाद देईनासे होतात, आणि शेजारच्या यंत्रावरील सोबत्यासही धोका संभवतो. तेव्हा उपचार पुरा होईपर्यंत नेमाने औषध घेणे आणि वैद्य सांगेल तोवर विश्रांती घेणे, हेही समाजाचे कामच होय.

पण जो पक्षाघाती पुन्हा कधीच उभा राहणार नाही, त्याचे काय? उपयोगाच्या मापाने त्याचे मूल्य शून्य येते. हेच माप भिक्षूस लावले तर? ज्याने धान्याचा एक दाणा पिकविला नाही, त्याच्या झोळीत गृहस्थ आदराने अन्न घालतो. त्यास कोणी हजेरी विचारीत नाही. तोच गृहस्थ घरातील अपंग भावाच्या ताटाकडे मात्र हिशेबाने पाहतो. झोळीपुढे जे माप बाजूस ठेविले, ते भावाच्या ताटापुढे का काढावे, याचे उत्तर त्याने द्यावयाचे आहे.

कारखान्याबाहेरील शेतमजुरास तर ही रजाच नाही. वासनिकांत शेतकरी पुष्कळ, व अनेकांच्या घरी सालगडी असतो. तो तापाने पडला तर ते दिवस खाडे म्हणून सालातून कापले जातात. पाडव्यास साल ठरते, धान्य ठरते, उचल ठरते. आजारपणाच्या दिवसांविषयी सहसा कोणी बोलत नाही. तो बोल आधी काढणे मालकाकडेच आहे, कारण सालगड्यास तो काढता येत नाही.