अंतःस्फूर्तीचे प्रामाण्य

अमेरिकेच्या मध्यवर्ती मैदानांत, विशेषतः ओक्लाहोमा आणि कॅन्सस या राज्यांत, टोर्नेडोंचा, म्हणजे मेघापासून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या वेगवान भोवऱ्यांचा, पाठलाग करणाऱ्यांनी रडारवर विसंबावे की अंतःस्फूर्तीवर, हा वाद वरकरणी साधनांविषयीचा वाटला, तरी मुळात तो प्रमाणांविषयीचा, म्हणजे यथार्थ ज्ञान कोणत्या मार्गाने होते याविषयीचा आहे.

रडारचे चित्र पाहणाऱ्यास आपल्याला वादळ दिसते आहे असे वाटते. परंतु परत आलेल्या लहरींवरून पर्जन्यकणांचे स्थान आणि वेग ताडणारे ते अनुमान असते, आणि हवामान खात्याच्या रडारला आकाशाची एक फेरी पुरी करण्यास साधारणतः चार ते सहा मिनिटे लागत असल्यामुळे, तसेच दूरवर त्याचा झोत जमिनीपासून बराच उंच गेलेला असल्यामुळे, पडद्यावर उमटते ते थोडे मागचे आणि बरेचसे वरचे वादळ होय. याउलट मेघतळाची खाली उतरलेली भिंत, वादळाकडे ओढली जाणारी दमट हवा आणि पावसाचा सरकता पडदा पाहून अनुभवी माणसाला वादळ वळणार हे जे एकदम कळते, त्यात हेतू आणि निष्कर्ष यांची मांडणी नसते. अशा ज्ञानाला भारतीय दर्शनांत प्रातिभ ज्ञान म्हटले आहे. उद्या भाऊ येणार हे मनोमन जाणणाऱ्या मुलीचे उदाहरण घेऊन नैयायिक जयंतभट्टाने ते प्रमाण मानले, कारण ते संशयरहित असते आणि पुढील अनुभवाने बाधित होत नाही.

अडचण नेमकी या शेवटच्या अटीत आहे. बाध होतो की नाही हे नंतरच कळते. आणि वादळाच्या बाबतीत स्फूर्ती फळल्याच्या कथा सांगायला माणसे उरतात, फसल्याच्या सांगायला नेहमीच उरतात असे नाही. म्हणून स्फूर्तीची ख्याती तिच्या खऱ्या योग्यतेहून मोठी असण्याचा संभव आहे.

तरीही यंत्राची बाजू निर्विवाद ठरत नाही. अभियंता टिम समारास यांच्या उपकरणाने २००३ मध्ये साउथ डकोटातील मँचेस्टर येथे टोर्नेडोच्या पोटात वायुदाबाची सुमारे १०० मिलिबारची घसरण नोंदवली. पण ते उपकरण वादळाच्या वाटेत ठेवायचे कोठे आणि केव्हा, हे ठरवायला सरावलेली नजरच लागली होती. हेच समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रेनो येथे मृत्युमुखी पडले. तेथील टोर्नेडो पावसाने झाकलेला होता, अल्पावधीत सुमारे ४.२ किलोमीटर रुंद झाला आणि त्याची दिशा व गती दोन्ही अचानक बदलली. दृष्टी, सराव आणि पडदा यांपैकी एकानेही वेळेवर पुरेसे सांगितले नाही. पाठलाग करणारे सुटकेचा रस्ता सतत मोकळा ठेवण्याचा जो नियम सांगतात, तो या दोन्ही पक्षांपैकी कोणाच्याही प्रामाण्यावर आधारलेला नाही. दोन्ही खोटे ठरतील असे धरूनच तो केलेला आहे.