आप्तवाक्य आणि एक मोठी संख्या

“सर, पुस्तकांत छापलेलें आहे, मग तें पुनः सिद्ध कशाला करावयाचें?” असें एका विद्यार्थ्यानें मला मागें विचारलें. वर्ग हंसला, मला मात्र हंसूं आलें नाहीं. प्रश्न वरवर गणिताचा होता. मुळांत तो श्रद्धेचा होता. आपल्या नैयायिकांनीं प्रत्यक्ष, अनुमान यांच्या पंक्तीस आप्तवाक्यही बसविलें आहे, आणि तें योग्यच आहे. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबल्यावांचून कोणाचाही संसार एक दिवस चालणार नाहीं. परंतु विसंबावें कोठवर?

जिला एक व ती स्वतः यांवांचून कशानेंही निःशेष भाग जात नाहीं, ती मूळ संख्या. दोनाचा पांचवा घात ३२. त्यांतून एक वजा केला कीं ३१ ही मूळ संख्या मिळते. मर्सेन या फ्रेंच मठवासी विद्वानानें १६४४ सालीं असे घात कोणते याची यादी दिली. तींत ६७ होता आणि १२७ही होता. दोनशेंहून अधिक वर्षें त्या दोहोंचा निवाडा झाला नाहीं. १८७६ सालीं ल्यूका या गणितज्ञानें दाखविलें कीं, १२७ चें विधान खरें, ६७ चें खोटें. १२७ ची ती एकोणचाळीस अंकी संख्या पुढें पाऊणशें वर्षें सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती. ६७ च्या संख्येचे भाजक मात्र ल्यूकालाही सांपडले नव्हते. ते अमेरिकन प्राध्यापक कोल यांनीं १९०३ सालीं एका सभेपुढें मांडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. त्यांनीं अवाक्षर न बोलतां फळ्यावर गुणाकार केला व ते खालीं बसले, अशी आख्यायिका आहे.

मर्सेनची विद्वत्ता दोन्ही विधानांमागें सारखीच होती. तरी एक खरें ठरलें, एक खोटें. कोल यांनीं ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ असें म्हटलें नाहीं. शाळेंतल्या मुलालाही ताळा पाहतां येईल असा गुणाकार त्यांनीं पुढें ठेवला.

२०२४ सालीं यंत्रांच्या साह्यानें सांपडलेल्या मूळ संख्येंत ४,१०,२४,३२० अंक आहेत. तिचा ताळा हातानें पाहणें मनुष्याच्या आयुष्यांत शक्य नाहीं. मग आपण पुनः आप्तवाक्यावरच येऊन ठेपलों काय? होय, पण एक भेद आहे. ती जाहीर करण्यापूर्वीं निरनिराळ्या यंत्रांवर, निरनिराळ्या रीतींनीं ती स्वतंत्रपणें तपासण्यांत आली. आपलें म्हणणें पारखण्याचें साधन जो आपणच दुसऱ्याच्या हातीं देतो, तोच आप्त, असें मला वाटतें.

त्या विद्यार्थ्याला मीं हेंच सांगितलें. घरीं येतांना मात्र मनांत आलें कीं, इतकीं वर्षें वर्गांत मीं जें निःशंकपणें सांगत आलों, त्यांतलें स्वतः पडताळलेलें किती? ६७ किती, आणि १२७ किती?