झिजेची मर्यादा

झिजलेली वस्तू कधी टाकावी, हा प्रश्न आपण ज्याच्या त्याच्या स्वभावावर सोपवितो. एक जण गळक्या पातेल्याला डाग देऊन आणतो, दुसरा कान हलला की भांडे मोडीत काढतो. शहाणपणाचा दावा दोघांचाही. यंत्रशास्त्राने या शहाणपणाला आकडा दिला. पण आकडा मिळाला म्हणून प्रश्न सुटला का?

रोटरी इंजिनाचे उदाहरण घेऊ. जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेचे पहिले प्रायोगिक इंजिन १९५७ साली चालले. पुढे जपानच्या मॅझ्दा कंपनीने ते चिकाटीने मोटारींत रुजविले. यात पिस्टन खालीवर होत नाही. फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर कवचात फिरतो आणि त्याच्या तीन टोकांवरील बारीक पट्ट्या, म्हणजे सील, कवचाच्या आतील क्रोमच्या थराला घासत वायू अडवून धरतात. आरंभीच्या इंजिनांत या थरावर असे ओरखडे पडत, की जपानी अभियंत्यांनी त्यांना सैतानाची नखे म्हटले.

साध्या इंजिनाचा सिलिंडर झिजला तर तो बोअर करून मोठा पिस्टन बसविता येतो. रोटरीच्या कवचाला नेहमीच्या वर्कशॉपात ही सवलत नाही. ठेवा किंवा टाका. म्हणून जुने इंजिन उघडल्यावर आधी काजळी साफ करायची, मग तपासणी. क्रोमचे पापुद्रे निघाले आहेत का ते पाहायचे. बाजूच्या बिडाच्या प्लेटवर सरळपट्टी ठेवून फीलर गेजने वाक मोजायचा: मर्यादा ०.०४ मिलिमीटर. सीलच्या घर्षणाने पडलेली पायरी ०.१० पर्यंत चालते. माणसाचा केस साधारण या दोन मापांच्या मधला! सील पुन्हा वापरायचे असतील तर ज्या खाचेतून निघाले त्याच खाचेत परत जावेत, म्हणून क्रमाने वेगळे ठेवतात. एकमेकांच्या संगतीने झिजलेल्यांची ताटातूट करायची नाही, हा नियम मला फार आवडला.

आता पायरी ०.०९ भरली. पुस्तक म्हणते, पास. गाडी मालकाची, पैसे मालकाचे, आणि तो भाग आणखी किती चालेल हे पाहणाऱ्याला दिसते आहे. नुसते 'चालेल' म्हणणे खोटे नाही. पण आकडा न सांगता 'चालेल' म्हणणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. मर्यादा ही मोजणाऱ्याला लपायची जागा नव्हे. विकणाराच मोजणारा असेल तर फीलर गेजही जरा सैल सरकते, हे वेगळे सांगायला नको.

उलट बाजूही आहे. खराब कवचावर दया दाखविली तर ते नवे कोरे सीलही खाऊन टाकते. एकावरची दया इतरांवर अन्याय ठरते. हाच युक्तिवाद शिक्षकांच्या सभेत नासक्या आंब्याची उपमा घेऊन येतो, 'या मुलाला काढा, वर्ग बिघडेल'. तिथे मी अडतो. बिडाची प्लेट उद्या आजच्यापेक्षा कमी झिजलेली असणार नाही, हे निश्चित ठाऊक असते. म्हणून तिच्यावर आज शेरा मारता येतो. चौदा वर्षांच्या पोराबद्दल असे निश्चित ठाऊक असलेला शिक्षक मला तरी भेटलेला नाही. वर्गातील इतर एकोणपन्नासांचे काय, हा सहकाऱ्यांचा प्रश्न मात्र खोटा नाही, आणि त्याला लागू पडेल असे गेज कुठल्याही पेटीत मिळत नाही. दर जूनमध्ये तो पुन्हा टेबलावर येतो.