मोडकी बादली आणि बांबूचे सूप



आपल्या घरातले सूप पाहा. त्याची कड सैल झाली तर आपण ते लगेच फेकत नाही. कड पुन्हा बांधून घेतो, शेणाने सारवतो आणि सूप पुन्हा पाखडायला घेतो. नवापूर तालुक्यातील आपले कोटवालिया बांधव पिढ्यान्‌पिढ्या अशी सुपे आणि टोपल्या विणत आले आहेत. विणतानाच त्यांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते : ही वस्तू कधीतरी मोडेल, तेव्हा ती दुरुस्त करता आली पाहिजे. अगदीच निकामी झाली, तर ती चुलीत जाते किंवा उकिरड्यावर कुजते.

आता बाजारातली प्लास्टिकची स्वस्त बादली घ्या. कान तुटला की ती संपली. ती नीट जोडता येत नाही, कुजत नाही आणि जाळली तर घातक धूर होतो.

दोष कोणाचा? ‘माणूस हावरा झाला’ असे आपण सहज म्हणतो; पण हे पूर्ण खरे नाही. समजा, टिकाऊ बादली तीनशेची आहे आणि मजुराच्या खिशात शंभरच रुपये आहेत. तो शंभरची घेतो. ती वर्षात मोडते. चार वर्षांत त्याचे चारशे रुपये जातात. गरिबाला स्वस्त वस्तूच महाग पडते. म्हणून पहिला प्रश्न घेणाऱ्याला नव्हे, बनवणाऱ्याला विचारला पाहिजे.

बनवणारे हे मुद्दामही करतात. १९२४ साली जगातील मोठ्या बल्ब कंपन्यांनी जिनिव्हा येथे एक करार केला. तोवर अनेक बल्ब दीड ते दोन हजार तास चालत. त्यांनी हे आयुष्य एक हजार तासांवर आणले आणि ज्याचा बल्ब जास्त टिके त्या कंपनीला दंड ठेवला! चोरी न करण्याची आज्ञा आपण सर्व जण जाणतो. मुद्दाम लवकर मोडणारी वस्तू विकणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या मजुरीची चोरी नव्हे काय?

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात फेकून देण्याच्या संस्कृतीविषयी इशारा दिला. वस्तू फेकण्याची सवय लागली की माणसेही टाकाऊ वाटू लागतात, हे त्यांनी दाखवून दिले.

ही गोष्ट आपल्याही दाराशी आहे. दुकानातल्या छापील किमतीपुढे आपण गप्प राहतो, पण टोपली विणणाऱ्या बाईशी दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. तिने विणणे सोडले, तर उद्या सूप बांधून कोण देणार? टोपलीत पाणी राहत नाही, बादली लागणारच. पण घेताना एवढे तरी विचारू या : याचा कान बदलता येईल का? दुरुस्त कोण करील? आणि टोपली घेताना विणणाऱ्याला त्याच्या श्रमाचा पूर्ण दाम देऊ या. २०१७ च्या कायदादुरुस्तीने वनाबाहेरील बांबू ‘झाडा’च्या व्याख्येतून वगळला आहे, बांधावर त्याचे एखादे बेटही लावता येईल.

या आठवड्यात एखादी वस्तू फेकण्यासाठी हात उचलला, तर क्षणभर थांबू या. ती खरोखर संपली आहे का, एवढेच पाहू या.