ताडाच्या बेचक्यातला वड

सकाळी डहाणूहून तलासरीकडे निघालं की बांधाबांधावर ताड उभे दिसतात. त्यातला एखादा वडाने कवेत घेतलेला असतो. झावळीच्या जुन्या देठाच्या बेचक्यात पाखराने बी टाकलं, तिथे ते रुजलं, मुळं खोडावरून उतरत मातीत शिरली. बघणाऱ्याला वाटतं, वड गळा आवळतोय. पण ताडाचं खोड सागासारखं वर्षागणिक जाड होत नाही आणि रस वाहणाऱ्या नळ्या खोडभर विखुरलेल्या असतात. नुसत्या विळख्याने तो मरत नाही. खरी झुंज वर आहे, उन्हासाठी. ताडाला शेंडा एकच. त्यावर वडाची सावली धरली की ताड संपला.

ही झुंज फार जुनी. दाट रानात जमिनीपर्यंत ऊन पोचत नाही. ज्या वडांचं बी वर, दुसऱ्याच्या खांद्यावर रुजलं ते तगले आणि त्यांचाच वंश वाढला. १९३४ साली गॉस या रशियन शास्त्रज्ञाने दोन जातींचे पॅरामिशियम हे एकपेशीय जीव एकाच नळीत, एकाच अन्नावर वाढवले. एक जात नाहीशी झाली. रान म्हणजे तशी बंद नळी नव्हे. इथे अडलेल्याला दुसरी वाट काढता येते, आणि अशा वाटा काढता काढताच जीवांची इतकी रूपं झाली. मात्र त्याला हजारो पिढ्या लागतात.

वडाची फळं खाणारा बुलबुल घाणेरीचीही काळी फळं खातो आणि बी बांधावर टाकतो. घाणेरी मूळची अमेरिकेतली, शोभेचं झुडूप म्हणून आणलेली. तिला खाणारे किडे तिकडेच राहिले, आणि इथल्या गवताला तिच्याशी झुंजायला पिढ्या मिळाल्याच नाहीत. तिचा पाला गुरांना विषारी. ज्या गवताच्या कापणीच्या मजुरीसाठी १९४५ साली इथले वारली उभे राहिले, ते गवत तिच्या जाळीखाली तग धरत नाही. हिला मी स्पर्धा म्हणणार नाही. ही आपल्या हातून झालेली घुसखोरी आहे.

ताड-वडाचं त्यांचं त्यांना बघू द्या. घाणेरी मात्र फळं काळी पडायच्या आत मुळासकट काढा. नुसती छाटली तर बुडखा पुन्हा फुटतो.